सवलत देताय ना, मग स्लिपवर तिची ओळ छापा

मंदीची नुसती कुजबुज सुरू झाली तरी एक मागणी हमखास वर येते, की पगारातली कपात थोडे महिने कमी करा, लोकांच्या हातात चार पैसे जास्त येऊ देत, बाजार आपोआप हलेल. आणि मग तेच भांडण. एक जण म्हणतो इन-हँड, म्हणजे कपात जाऊन हातात पडणारा पगार, वाढला की खर्च वाढतो, साधं गणित आहे, याला विरोध कसला करता. दुसरा म्हणतो हे सगळं गाजर आहे, चार महिने देणार आणि नंतर व्याजासकट काढून घेणार. परवा कॅन्टीनमध्ये जेवताना आमच्याकडे हेच चाललं होतं, दोन्हीकडची माणसं हुशार, दोघांचाही आवाज चढलेला, आणि अर्ध्या तासात एकानेही हे विचारलं नाही की ही जी वाढ म्हणताय ती नक्की कोणाच्या खिशातून येणार आहे? मी पगारपत्रक करतो, हेच माझं पोटापाण्याचं काम, आणि मला रोज दिसतं की स्लिपच्या तळाशी आकडा एकच असला तरी तो वाढायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. सरकारने कर सोडला म्हणून वाढतो, उद्याचा पैसा आज दिला म्हणून वाढतो, तुमचीच बचत फोडून तुमच्या हातात ठेवली तरी वाढतो. तिन्ही वेळा कामगाराला बँकेचा एसएमएस सारखाच येतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाईट काळात पगारातून तात्पुरती सवलत जरूर द्यावी, पण ती सरकारी तिजोरीतून द्यावी, कमी पगारवाल्याला पूर्ण मिळेल अशी द्यावी, आणि स्लिपवर तिची वेगळी ओळ छापावी, किती रुपये, कशाबद्दल, कुठल्या महिन्यापर्यंत. यातली शेवटची गोष्ट लोकांना कारकुनी वाटते. माझ्या मते मात्र सगळी गोम तिथेच आहे, कारण गुपचूप वाढवलेला इन-हँड कितीही चांगल्या हेतूने दिलेला असला तरी शेवटी कामगारालाच तोंडघशी पाडतो. हे मी एकदा अमेरिकेच्या बाबतीत पाहिलं आणि अकरा वर्षांनी पुण्याजवळच्या भोसरीत पाहिलं.

२००९ साली मी पुण्यात एका बॅक-ऑफिसमध्ये नाईट शिफ्ट करायचो. अमेरिकन कंपन्यांचं पेरोल आमच्याकडे व्हायचं, आणि त्यांच्या कामगारांचे फोनही आमच्याच हेल्पडेस्कवर यायचे. तिकडे मंदी जोरात होती, महिन्याला लाखोंनी नोकऱ्या जात होत्या. १७ फेब्रुवारीला ओबामांनी मोठ्या मदत पॅकेजच्या कायद्यावर सही केली आणि त्यात 'मेकिंग वर्क पे' नावाचं एक कर-क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून वजा होणारी रक्कम, होतं, दोन वर्षांपुरतं, २००९ आणि २०१०. कमाईच्या ६.२ टक्के, पण एकट्या माणसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर आणि जोडप्याला ८००. हा ६.२ आकडा हवेतून आलेला नव्हता, तिकडे बहुतेक सगळ्या कामगारांच्या पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, तेवढेच टक्के कापतात. म्हणजे पहिल्या साधारण साडेसहा हजार डॉलरच्या कमाईवर जो सोशल सिक्युरिटीचा कर कापला जातो तो परत द्यायचा, असा हिशोब. पण कापणं थांबवलं नाही, कापलेला पैसा निवृत्तीच्या फंडात तसाच जात राहिला आणि सवलत इन्कम टॅक्सच्या बाजूने तिजोरीतून दिली. ज्याला इन्कम टॅक्स लागतच नव्हता त्यालाही रिटर्न भरला की रोख मिळणार होते. वरच्या टोकाला, एकट्या माणसाचं, ७५ हजार डॉलरच्या पुढे ते हळूहळू कमी होत ९५ हजारला शून्य. मला आजही वाटतं की रचना म्हणून ही फार सभ्य योजना होती, झाडूवाल्याला पूर्ण आणि मॅनेजरला काही नाही.

आता ती द्यायची कशी? चेक पाठवायचे नाहीत असं ठरलं. आपल्याकडे पगारातून टीडीएस कापतात तसं तिकडे विथहोल्डिंग असतं, त्याची टेबलं, म्हणजे किती पगाराला किती कापायचं याचे तक्ते, सरकारने बदलली आणि सगळ्या मालकांना सांगितलं की १ एप्रिलच्या आत नवी टेबलं लावा. आम्ही मार्चमध्ये दोन-तीन रात्री बसून ती सिस्टिममध्ये चढवली आणि तपासली. एप्रिलच्या पहिल्या पगारापासून माणसाच्या हातात आठवड्याला दहा ते तेरा डॉलर जास्त पडायला लागले. स्लिपवर काय दिसत होतं? काहीच नाही. फेडरल टॅक्सच्या ओळीत कालपर्यंत ५८ असेल तर आज ४७, बस्स. ओहायोतल्या एका गोदामात काम करणाऱ्या माणसाचा फोन मला अजून आठवतो, त्याने विचारलं माझा पगार वाढलाय का, सुपरवायझर तर काही बोलला नाही. मी म्हटलं नाही, टॅक्सचं टेबल बदललंय. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. त्याला ते क्रेडिट आहे, त्याला एक हद्द आहे, दोन वर्षांनी ते संपणार आहे, यातलं काहीही मी सांगितलं नाही, कारण आमच्या स्क्रिप्टमध्येच ते नव्हतं.

आणि हे अदृश्य राहणं म्हणजे चूक नव्हती, मुद्दाम केलेलं होतं. त्यामागचा विचार असा, की एकदम सहाशे डॉलरचा चेक आला की माणूस तो बँकेत टाकतो किंवा कर्जात भरतो, पण दर पगारात थोडे थोडे जास्त आले तर त्याला ते वेगळे वाटतच नाहीत, तो खर्च करून टाकतो, आणि मंदीत खर्चच तर व्हायला हवाय. हा युक्तिवाद फालतू नाही. घरात आपणही तेच करतो, दिवाळीचा बोनस जपून ठेवतो आणि ओव्हरटाइमचे पाचशे भाजीत कधी गेले ते कळत नाही. शिवाय वेग. पगाराची नळी आधीच घातलेली आहे, फॉर्म नको, रांग नको, दलाल नको, एका तारखेला कोट्यवधी लोकांपर्यंत पैसा पोचतो. पेरोलमधल्या माणसाला तर हे लगेच पटतं, मलाही तेव्हा पटलेलं.

पण झालं काय? सॅम, शापिरो आणि स्लेमरॉड या तीन अर्थतज्ज्ञांनी तिकडच्या कुटुंबांना सर्वेमध्ये थेट विचारलं. २००८ मध्ये बुश यांच्या काळात जे एकरकमी पैसे आले होते त्यातून मुख्यतः खर्च वाढवला म्हणणारे होते २५ टक्के, आणि २००९ च्या या थेंब-थेंब पगारवाढीतून खर्च वाढवला म्हणणारे फक्त १३ टक्के. जवळपास निम्मे. सर्वेत माणूस सांगतो ते आणि प्रत्यक्ष करतो ते वेगळं असू शकतं, हे मला मान्य आहे, ज्याला पैसा आलेलाच कळला नाही तो त्याचं काय केलं हे कसं सांगणार. पण मग हाच तर माझा मुद्दा आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये दोन मोठ्या माध्यमांनी मिळून घेतलेल्या जनमत चाचणीत, ओबामा सरकारने कर कमी केले असं म्हणणारे शंभरातले बाराच निघाले, आणि त्या वेळी सवलत मात्र बहुतेक सगळ्या नोकरदार घरांना मिळत होती. राजकारणी मंडळींनी यातून काढलेला धडा एवढाच, की श्रेय मिळालं नाही. श्रेय गेलं तर गेलं, तो त्यांचा प्रश्न. माझा प्रश्न कामगाराचा आहे. ज्या माणसाला आपल्या हातात आलेले पैसे कुठून आले, किती दिवसांचे आहेत हे माहीतच नाही, तो त्यांचं नियोजन काय करणार?

आणि नुकसान फक्त नियोजनाचं नव्हतं, रोख होतं. टेबल हे आंधळं असतं. ते एका नोकरीकडे बघतं, माणसाकडे नाही. दोन ठिकाणी पार्टटाइम करणाऱ्या बाईला दोन्हीकडून सवलत लागली, म्हणजे हक्क ४०० चा आणि वर्षभरात हातात पडले ८०० पर्यंत. नवरा-बायको दोघं कामाला असतील तिथेही तोच गोंधळ. आईबापांच्या रिटर्नमध्ये अवलंबून म्हणून दाखवलेला कॉलेजातला पोरगा सुट्टीत काम करायचा, त्याला हे क्रेडिट मुळातच नव्हतं, पण टेबल त्यालाही लागलं. पेन्शनवाल्यांना कमाई नाही म्हणून क्रेडिट नाही, तरी पेन्शनमधली कपात कमी झाली, नंतर त्यांच्यासाठी वेगळी दुरुस्ती आली पण ती लावायची की नाही हे पेन्शन देणाऱ्याच्या मर्जीवर. करखात्यावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या इन्स्पेक्टर जनरलनेच नोव्हेंबर २००९ च्या अहवालात सांगितलं की १ कोटी ५४ लाखांहून जास्त करदात्यांची कपात अशी कमी पडू शकते. २०१० च्या मार्चमध्ये आमच्याकडे फोनचा पाऊस पडला. एक बाई, दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात आणि संध्याकाळी एका दुकानात, दरवर्षी रिफंड आला की त्यातून गाडीचा इन्शुरन्स भरायची. त्या वर्षी रिफंड चारशेनी कमी. ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती, माझ्याकडून काय चुकलं हेच पुन्हा पुन्हा विचारत होती. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. तिला वर्षभर आठवड्याला दहा-दहा डॉलर आगाऊ दिले गेले होते आणि कोणीही तिला तसं सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे याला फार नेमका शब्द आहे, उचल. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो तेव्हा ती फेडायची आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, कितीही जाचक असली तरी तिचं नाव उचल असतं. दुष्काळात पूर्वी दोन गोष्टी मिळायच्या, एक शेतसाऱ्यात सूट आणि दुसरी तगाई, आणि सूट म्हणजे माफ, तगाई म्हणजे पुढे परतफेड, हा फरक एक अक्षर न शिकलेल्या शेतकऱ्यालाही कळायचा. कारण नावं वेगळी होती, कागद वेगळे होते. अमेरिकेत १९९२ साली थोरल्या बुश यांनी निवडणुकीच्या वर्षात विथहोल्डिंग कमी केलं, कर एक पैशानेही कमी केला नाही, फक्त कापणं कमी केलं, म्हणजे पुढच्या वर्षी रिफंड तेवढाच घटणार. शुद्ध तगाई. २००९ चं क्रेडिट बहुतेकांसाठी खरी सूट होती आणि कदाचित दीड कोटी लोकांसाठी तगाई. पण दोन्ही वेळा स्लिपवर दिसलं ते सारखंच, एका ओळीतला आकडा थोडा लहान. मग कामगाराने ओळखायचं कसं?

२०१० संपताना मेकिंग वर्क पे बंद झालं आणि त्याच्या जागी २०११ साठी दुसरी योजना आली, सोशल सिक्युरिटीची कामगाराची कपात थेट ६.२ वरून ४.२ टक्के. ऐकायला जास्त मोठी, आणि सगळीकडे तशीच मांडली गेली, मध्यमवर्गाला हजार डॉलर. पन्नास हजार पगारावर खरंच हजार होतात. पण मी टेबलं लावत होतो म्हणून मला दुसरं टोक दिसलं. वर्षाला १५ हजार डॉलर कमावणाऱ्या एकट्या माणसाला आधी ४०० मिळत होते, आता दोन टक्क्यांनी ३००. जोडप्याची मिळून कमाई ३० हजार असेल तर ८०० चे ६००. एकट्याला २० हजार आणि जोडप्याला ४० हजार, या रेषेच्या खाली जो जो होता त्याचा इन-हँड जानेवारी २०११ मध्ये उतरला, ज्या महिन्यात देशभर करसवलतीचा गाजावाजा चालू होता त्याच महिन्यात. आणि ज्याला आधी शून्य होतं त्या एकट्या लाखभर डॉलरवाल्याला आता दोन हजार, पगाराची हद्द १,०६,८०० होती म्हणून कमाल २,१३६. पहिल्या योजनेची ओळ स्लिपवर असती तर ती पुसली गेल्याचं त्या पंधरा हजारवाल्याला दिसलं असतं आणि त्याने विचारलं असतं. ओळच नव्हती, त्यामुळे काय काढून घेतलं हेही दिसलं नाही.

या दुसऱ्या योजनेची एक बाजू मात्र चांगली होती आणि ती मान्य करायलाच हवी. निवृत्तीच्या फंडात जेवढं कमी आलं तेवढं सरकारने तिजोरीतून भरून दिलं, म्हणजे कामगाराच्या म्हातारपणाला धक्का लागला नाही. आणि ती दिसत होती, कारण सोशल सिक्युरिटीची ओळ स्वतंत्र असते. म्हणूनच २०११ च्या डिसेंबरमध्ये ती वाढवायची की नाही यावर तिकडे संसदेत जोरदार रस्सीखेच झाली, आधी दोन महिन्यांची आणि मग फेब्रुवारीत पूर्ण २०१२ ची मुदतवाढ मिळाली, आणि व्हाइट हाउसने लोकांना विचारलं की दर पगारातले चाळीस डॉलर तुमच्यासाठी काय आहेत ते सांगा. मेकिंग वर्क पे संपलं तेव्हा असा प्रश्न कोणी विचारला होता का? जी गोष्ट दिसते तिच्यासाठी माणूस भांडतो. जानेवारी २०१३ मध्ये ती सवलतही संपली, पन्नास हजारवाल्याचे आठवड्याला एकोणीस डॉलर कमी झाले, आणि तेव्हाही पुष्कळांना वाटलं की नवा कर बसला. दोन वर्षं ४.२ बघायची सवय झाली की ६.२ ही वाढच वाटते. कायद्यात मुदत लिहिलेली होती, स्लिपवर नव्हती.

आता घरचं बघू. १३ मे २०२० ला अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की मे, जून आणि जुलैच्या पगाराला पीएफ बाराऐवजी दहा टक्के कापला जाईल, कामगाराचाही आणि मालकाचाही. तोपर्यंत मी भोसरीत एका कारखान्यात पगाराचं काम बघायला लागलो होतो. जूनमध्ये पूर्ण हजेरी भरलेला आमचा एक ऑपरेटर, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,०००. पीएफ आधी १,६८० कापायचा, आता १,४००. हातात २८० जास्त. तो स्लिप घेऊन टेबलापाशी आला, बोट त्या ओळीवर, म्हणाला, "साहेब, हे दोनशे ऐंशी सरकारने दिले का?" मी म्हटलं नाही, तुझ्याच पीएफमध्ये कमी गेले. त्याने परत स्लिपकडे पाहिलं. "मग दिलं काय?" मला उत्तर देता आलं नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

आणि पूर्ण हिशोब तर याहून वाईट होता. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ पेन्शन योजनेत जातात आणि पीएफ खात्यात उरतात ३.६७. पेन्शनचा हिस्सा तसाच ठेवला, त्यामुळे मालकाचे दोन टक्के पूर्णपणे त्या ३.६७ मधून गेले आणि उरले १.६७. म्हणजे आमच्या ऑपरेटरच्या खात्यात मालकाकडून महिन्याला ५१४ यायचे ते २३४ झाले. दोन्हीकडचे मिळून महिन्याला ५६०, तीन महिन्यांत १,६८० रुपये खात्यात कमी पडले. आठ टक्के व्याज धरलं तर तीस वर्षांत रक्कम दहापट होते, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास. त्यातले मालकाकडचे २८० त्याला हातात मिळायला हवे होते की नाही? भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने स्पष्ट केलं होतं की सीटीसी पद्धतीत, म्हणजे मालकाचा पीएफ धरून एकूण पगार ठरलेला असतो तिथे, मालकाचे वाचलेले दोन टक्केही कामगाराला द्यायचे. आयटीतल्या पोरांना ते मिळाले. पण ठेकेदाराकडच्या माणसाला कुठली सीटीसी? ठेकेदाराच्या बिलात पीएफची ओळ असते १३ टक्के, बारा अधिक विमा आणि प्रशासनाचा एक. ती त्या तीन महिन्यांत ११ झाली. बिल कमी झालं, मूळ कंपनीचे दोन टक्के वाचले. कामगाराच्या हातात स्वतःचेच दोन टक्के, खात्यात चार टक्के कमी, आणि मधले दोन गेले कारखान्याच्या ताळेबंदात. कागदोपत्री हे सगळं कायदेशीर, मी स्वतः ती बिलं तपासून पुढे पाठवली आहेत.

इथे जो आक्षेप येतो तो मी अगदी गंभीरपणे घेतो, कारण तो कामगारांकडूनच येतो. लॉकडाऊनमध्ये घरात किराणा नव्हता, भाडं थकलं होतं, गावच्या सावकाराचं व्याज महिन्याला तीन-चार टक्क्यांनी चढत होतं, अशा वेळी तीस वर्षांनंतरचे सतरा हजार घेऊन काय करायचंय, आज हातात दिलेले २८० जास्त मोलाचे. आणि ते त्याचेच पैसे आहेत, आपण कोण ठरवणारे? अगदी बरोबर. महिन्याला चार टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना वर्षाला आठ टक्क्यांची बचत करत बसणं शहाणपणाचं नाही, आणि गरिबाला बचतीचे धडे द्यायची मला अजिबात हौस नाही. पण मग हा युक्तिवाद करणाऱ्याने एवढंच सांगावं, की गरज जर इतकी तातडीची होती तर ती भागवायला त्याचीच बचत का फोडली? दुसरा पर्याय नव्हता, असं तर म्हणता येणार नाही, कारण तो पर्याय त्याच महिन्यांत, त्याच रस्त्यावर चालू होता.

आमच्या गेटसमोर पावडर कोटिंगचा एक छोटा कारखाना आहे, साठेक माणसं. शंभरपर्यंत कामगार आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांचा पगार पंधरा हजारांच्या आत, अशा ठिकाणी मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात गरीब कल्याण योजनेखाली पीएफचे दोन्हीकडचे २४ टक्के सरकारने भरले. तिथे १४,००० वाल्या माणसाला महिन्याला १,६८० रुपये हातात जास्त मिळाले, आणि पीएफ खात्यात एक रुपयाही कमी पडला नाही. रस्त्याच्या अलीकडे आमचा माणूस, तेवढाच पगार, तेवढीच उपासमारीची भीती, पण कारखान्यात माणसं शंभरच्या वर, म्हणून त्याला २८० आणि तेही त्याचेच. दोघांच्याही इन-हँडला वर्तमानपत्रात एकच नाव होतं, पीएफमध्ये दिलासा. दोघं दुपारी एकाच टपरीवर चहा प्यायचे. यातली एक गोष्ट खरी मदत होती आणि दुसरी नव्हती, आणि "हातात पैसा येऊ दे" म्हणणाऱ्यांनी हा फरक न करता सरसकट मागणी केली की सरकारला नेहमी स्वस्तातलीच वाट दाखवली जाते. गाजर गाजर म्हणणाऱ्यांचंही तेच चुकतं, ते या १,६८० लाही त्याच शिवीने मोडीत काढतात.

सरकारकडे तेवढा पैसा नसतो, हा शेवटचा आणि वजनदार मुद्दा. सगळ्यांना २४ टक्के देणं परवडलं नसतं हे मला पटतं. पण मग थोडं द्या, ठराविक रक्कम द्या, खालच्यांना आधी द्या, मेकिंग वर्क पेसारखी वरच्या बाजूला हद्द घाला. आणि अगदीच तिजोरी रिकामी असेल, उचलच द्यायची असेल, तर उचल म्हणून द्या. २०२० मध्येच ट्रम्प यांनी सप्टेंबर ते डिसेंबर सोशल सिक्युरिटीची ६.२ टक्के कपात पुढे ढकलायला सांगितलं, दोन आठवड्यांचा पगार चार हजार डॉलरच्या आत असलेल्यांसाठी. बहुतेक खाजगी मालकांनी ती लावलीच नाही, कारण पुढच्या वर्षी कामगाराच्या पगारातून ती वसूल करायची जबाबदारी त्यांच्या गळ्यात होती. पण सैनिकांना आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना निवड नव्हती. आठवड्याला हजार डॉलरवर महिन्याला अडीचशेच्या वर जास्त आले आणि २०२१ मध्ये नेहमीच्या कपातीवर ही वसुली चढली. परत द्यायचे आहेत हे यात निदान उघड होतं. ज्याला जमलं त्याने ते पैसे बाजूला ठेवले.

दिसणाऱ्या ओळीने काय होतं हे आपल्या राज्याला तरी नव्याने शिकायला नको. १९७४ मध्ये महागाई आवरायची म्हणून केंद्राने कायदा केला आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेव म्हणून कापला. माझे वडील त्या कापल्या गेलेल्या पैशाबद्दल नोकरी संपेपर्यंत बोलायचे, कुठल्या वर्षी किती हप्ता परत आला हे त्यांना पाठ होतं. त्यांना तो कायदा अजिबात आवडला नव्हता. पण पैसा त्यांचा आहे, सरकारकडे आहे आणि व्याजासकट परत यायचा आहे, हे त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं, कारण पगारपत्रकात तसं लिहिलेलं असायचं.

आणि दुसरं उदाहरण तर आजही दर महिन्याला छापतो. व्यवसाय कर, दोनशे रुपये. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचं काम राज्यभर उभं राहिलं, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, आणि त्याला कायमचा पैसा हवा म्हणून १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला. गावातल्या माणसाला खडी फोडायचं का होईना पण काम मिळावं म्हणून शहरातल्या माणसाच्या पगारातून कपात, आणि तीही उघडपणे, स्वतःच्या नावाची ओळ घेऊन. वर्षाचे २,५०० व्हायला हवेत म्हणून फेब्रुवारीत दोनशेऐवजी तीनशे कापतात. दर फेब्रुवारीच्या पगाराला एखादा नवीन लागलेला पोरगा स्लिप घेऊन येतो, शंभर रुपये जास्त का कापले म्हणून. शंभर रुपये. अमेरिकेत चारशे डॉलर आले आणि गेले तरी लोकांना पत्ता लागला नाही. मी त्याला अडीच हजारांचं गणित सांगतो, वेळ असला तर ७२ च्या दुष्काळाचंही सांगतो. मग तो विचारतो, म्हणजे मार्चमध्ये परत दोनशेच ना? मी म्हणतो हो, मार्चची स्लिप आली की बघ.